पुडी कोण आणतं?

पत्र, थोडक्यात: "ताई, मी पारोळा तालुक्यातला. मुलगा सहा वर्षांचा झाला, अजून नीट बोलत नाही, शाळेत एका जागी बसत नाही. जन्मला तेव्हा जेमतेम दोन किलोचा होता. त्या वेळी बायको मशेरी लावायची, आताही लावते. पुडी मीच बाजाराच्या दिवशी आणतो, आईची आणि तिची एकत्रच. गेलं वर्षभर रात्री मोबाइलवर गरोदरपणातल्या तंबाखूची संशोधनं वाचतोय. छापून फाईल केली आहे. तिला आता पुन्हा चौथा महिना आहे. ही फाईल तिच्यापुढे ठेवू का? तिला तिची चूक कळायला हवी."

भाऊ, फाईल बाजूला ठेवा. पुडीचं बोलू.

वर्षभर वाचन झालं, आणि दर बाजाराला पुडीही येत राहिली. बायकोला चौथा महिना आहे हे माहीत असून येत राहिली. पैसे तुमचे, पिशवी तुमची, आणि चूक मात्र तिची? तिला ही सवय माहेरी लागली की तुमच्या घरी, हेसुद्धा तुम्ही लिहिलेलं नाही. तुमची काळजी खरी असेल, पण मला या पत्रात ती कमी आणि खटल्याची तयारी जास्त दिसते.

वाचलंत ते खोटं नाही. मुंबईतल्या बाराशेहून जास्त गरोदर बायकांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. मशेरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरायच्या आत बाळंत होण्याचं प्रमाणही त्यांच्यात जास्त निघालं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली म्हणून तंबाखूतलं निकोटीन जात नाही. हिरडीतून ते रक्तात उतरतं, वारेतून बाळापर्यंत पोचतं, पुढे अंगावरच्या दुधातही येतं. पण १०५ ग्रॅम ही शेकडो बाळांची सरासरी आहे. तुमच्या एका मुलाचं बोलणं कशामुळे अडलं, याचं उत्तर त्या आकड्यात नाही. अशक्तपणा, अपुरे दिवस, कमी ऐकू येणं, कारण काहीही असू शकतं. त्या आकड्यावरून बायकोला दोषी ठरवायला बसलात तर तुम्हाला अभ्यास वाचता येत नाही, एवढंच सिद्ध होईल.

येत्या बाजाराला पुडी आणू नका. आईचीही नाही. "आईची वेगळी ठेवतो" म्हणाल, तर डबी एकाच फळीवर राहणार आणि पहाटे चुलीपाशी दोघींची बोटं त्यातच जाणार. आई म्हणेल, "मी बी लायेल शे, तुले काय व्हयनं?" म्हणू दे. चार दिवस बोलणार नाही, बोलू नका. हे भांडण तुमचं आहे, सुनेच्या अंगावर ढकलू नका.

बायको पहिले काही आठवडे चिडेल, डोकं धरेल, पोट साफ होणार नाही. वेचणीला, निंदणीला जाणाऱ्या कितीतरी बायका भूक मारायला मशेरी लावतात. तिचंही तसं असेल तर सकाळी तिच्या पोटात भाकरी गेली का, हे आधी बघा. चौथ्या महिन्यात सोडली तरी बाळाला फायदाच आहे. तपासणीला तुम्हीही सोबत जा आणि मशेरीचं डॉक्टरांना, आशाताईला उघड सांगा. निकोटीनचं च्युइंगम वगैरे आपल्या मनाने आणू नका. तंबाखू सोडायला मदत करणारी सरकारी फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, पैसे पडत नाहीत. फोन तुम्ही लावा आणि मग तिच्या हातात द्या.

आणि एवढं सगळं वाचलंत, पण मुलाचे कान तपासल्याचं पत्रात कुठेच नाही. याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात घेऊन जा.