वाचकांचे प्रश्न : प्रवासातली रिकामी संध्याकाळ

प्रश्न : मी बहुधा एकटाच प्रवास करतो. दिवसभरात संग्रहालये आणि जुन्या वास्तू पाहून होतात, पण संध्याकाळ झाली की खोलीवर येऊन फोन पाहत बसतो. त्या गावातला चित्रपट पाहावा, तिथले वादन समोर बसून ऐकावे अशी मनापासून इच्छा असते. मात्र भाषा येत नाही, आणि परक्या सभागृहात एकट्याने शिरण्याचा संकोचही वाटतो. सुरुवात कशी करावी?

उत्तर : आपली खरी अडचण भाषेची नाही, क्रमाची आहे. आपण आधी गाव ठरवता, मग तारखा, मग मुक्काम. आणि तिथे पोहोचल्यावर संध्याकाळी काही मिळते का ते शोधता. वास्तू आज पाहिली काय किंवा उद्या पाहिली काय, ती जागची हलत नाही. मैफल मात्र एका दिवशी, एका वेळी होते आणि संपते. म्हणून कार्यक्रम आधी निश्चित करावा आणि प्रवासाच्या तारखा त्याच्याभोवती बसवाव्यात.

जर्मनीतील लाइपझिग शहराचे उदाहरण घ्या. तिथल्या सेंट थॉमस चर्चमध्ये थोर संगीतकार योहान सेबास्टियन बाख १७२३ पासून १७५० मध्ये मृत्यू होईपर्यंत संगीताची धुरा सांभाळत होते आणि त्यांची समाधीही आता तिथेच आहे. त्याच चर्चमध्ये आजही, सुट्ट्यांचा काळ सोडला तर, शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी गायनवृंद गातो. सोमवारी पोहोचून गुरुवारी निघालेला प्रवासी समाधी पाहून परततो. बुधवारी पोहोचून शनिवारी निघालेल्याला ज्या वास्तूसाठी बाख यांनी संगीत रचले, त्याच वास्तूत गायन ऐकायला मिळते. दोघांचा खर्च जवळपास सारखाच होतो, पण पहिल्याच्या हाती काय लागले याचे मला खरोखर वाईट वाटते.

आता भाषेविषयी. वाद्यसंगीताला तिची गरज नाही, चित्रपटाला आहे, आणि स्थानिक चित्रपट त्याच भाषेच्या प्रेक्षकांना दाखवताना उपशीर्षके सहसा नसतात, हे आधीच लक्षात घ्यावे. यावर मला सर्वांत आवडणारी वाट मूकपटांची आहे, कारण तिथे आपल्या दोन्ही इच्छा एकत्र पूर्ण होतात. मूकपट पडद्यावर मूक असला तरी सभागृहात तो सहसा निःशब्द नसे. पियानो, ऑर्गन किंवा पूर्ण वाद्यवृंद त्याला प्रत्यक्ष साथ करीत असे. इटलीतील पोर्देनोने या छोट्या शहरात १९८२ मध्ये सुरू झालेला मूकपटांचा महोत्सव भरतो आणि तिथे ही साथ आजही वादक समोर बसूनच करतात. वादक पडद्याकडे पाहत वाजवीत असल्याने तोच चित्रपट दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्या वादकाच्या हाती वेगळा होतो. इतके दूर जाण्याची गरज नाही; जिथे चित्रपट अभिलेखागार आहे, तिथे असे खेळ अधूनमधून होतात का ते विचारून पाहावे. दुसरा उपाय साधा आहे : त्या भाषेतला आपण आधी उपशीर्षकांसह पाहिलेला जुना चित्रपट तिथे मोठ्या पडद्यावर लागला असेल तर तोच पुन्हा पाहावा. कथा ठाऊक असल्याने लक्ष चेहऱ्यांकडे, रस्त्यांकडे आणि शेजारचे प्रेक्षक कुठे हसतात याकडे जाते.

फ्रान्समधील लिऑनला गेलात तर एक जागा चुकवू नका. चित्रपटाचे आद्य प्रवर्तक ल्युमिएर बंधू यांनी १८९५ मध्ये आपल्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या कामगारांचे चित्रण केले, त्या कारखान्याची शेड जपून तिथे चित्रपटगृह केले आहे. ज्या जागेचे चित्रण झाले त्याच जागेत बसून चित्रपट पाहण्याची संधी जगात फार थोड्या ठिकाणी मिळते.

संकोचाचे म्हणाल, तर दिवे मंद झाल्यावर शेजारी कोण आहे याकडे कोणी पाहत नाही. सुरुवातीला संगीत विद्यालयातील विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांना जावे. तिथे तिकीट अनेकदा नसते आणि श्रोते थोडे असल्याने येणाऱ्याचे स्वागतच होते.

प्रश्न : मैफलीत कुठे बसावे? सर्वांत पुढची जागा सर्वांत चांगली, हा माझा समज बरोबर आहे का?

उत्तर : ध्वनिवर्धक नसलेल्या सभागृहात तो बहुधा चुकीचा ठरतो. आपल्या कानांवर वाद्याचा आवाज थेट येतो आणि भिंती, छत यांवरून परतूनही येतो; पहिल्या रांगेत थेट आवाजच इतका वरचढ असतो की वाद्ये सुटी सुटी ऐकू येतात. मधल्या भागात किंवा वरच्या सज्जाच्या पुढच्या रांगांत ती एकमेकांत मिसळतात.

हे शास्त्र फार जुने नाही. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानकक्षात शब्द घुमून अस्पष्ट होत होते, म्हणून वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकाकडे ते सुधारण्याचे काम सोपवले गेले. त्यांनी दुसऱ्या नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या रात्री तिथे आणल्या, ऑर्गनच्या नळीचा स्वर बंद केल्यावर तो किती वेळ ऐकू येतो हे पुनःपुन्हा मोजले आणि गाद्या वाढतील तसा घुमण्याचा काळ कमी होतो हे दाखवले. त्याच ज्ञानावर बॉस्टनचे सिम्फनी हॉल १९०० मध्ये उभे राहिले. गादीप्रमाणे माणसांचे कपडेही आवाज शोषतात. त्यामुळे रिकाम्या सभागृहातली तालीम आणि भरलेल्या सभागृहातली मैफल यांचा नाद वेगळा असतो. शक्य असेल तिथे दोन्ही ऐकावे.

उघड्या मैदानातल्या, ध्वनिवर्धकांवर चालणाऱ्या कार्यक्रमाचे नियम निराळे आहेत. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणून शंभर मीटर मागे उभे राहिल्यास ढोलावर काठी पडताना दिसते आणि आवाज पाव सेकंदाहून उशिरा येतो. पुढे जावे तर आवाजाची पातळी शंभर डेसिबेलपर्यंत पोहोचू शकते, आणि त्या पातळीला कान उघडे ठेवून पंधरा मिनिटांहून अधिक राहणे सुरक्षित मानले जात नाही. कानात घालण्याची बोळी सोबत ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही. कान दुखावले तर पुढच्या सगळ्या मैफली दुखावतात.

प्रश्न : आठवण म्हणून फोनवर चित्रण करावे का?

उत्तर : करू नये. बहुतेक ठिकाणी त्याला मनाई असते. शिवाय अंधारात उजळलेला पडदा मागच्या दहा जणांचे लक्ष मोडतो. तिकीट जपावे आणि परतीच्या गाडीत बसल्यावर त्याच्या मागे तीन गोष्टी लिहाव्यात : काय वाजले, आपण कुठे बसलो होतो आणि कोणत्या क्षणी सभागृह एकदम शांत झाले. परतीची शेवटची गाडी किती वाजता सुटते हे मात्र जाण्याआधीच पाहून ठेवावे, कारण तिच्या धास्तीने अखेरची रचना अर्धवट सोडून उठणारे प्रवासी मी फार वेळा पाहिले आहेत.