नववीची गुणपत्रिका सांभाळून ठेव

ताई म्हटलंस म्हणून सरळ अगं-तूगं करते. तुझा प्रश्न असा: नवऱ्याला कंपनी अमेरिकेत पाठवतेय, कॅलिफोर्नियातलं अर्व्हाइन, टेक्सासमधलं डॅलसजवळचं फ्रिस्को आणि आमचं ओहायोतलं कोलंबस यांतलं एक निवडायचंय. लेक सातवीत आहे, शाळेकडून विभागीयला सॉफ्टबॉलची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, म्हणून खेळून आलीय. पुढे कॉलेजच्या संघात तिची निवड व्हावी असं वाटतं, तर कोच लोक मुली नेमक्या कुठून उचलतात?

व्हिसाचे फॉर्म, घरभाडं, शाळांचं रेटिंग यावर मी काही लिहीत नाही, ते शोधलं की सापडतं. पण तुझा प्रश्न वाचल्यापासून माझं चित्त ठिकाणावर नाही, तेव्हा उत्तर लांबणार.

आधी नकाशा. एनसीएएची, म्हणजे कॉलेजांच्या खेळांच्या राष्ट्रीय संघटनेची, महिलांची सॉफ्टबॉल स्पर्धा 1982 ला सुरू झाली. तेव्हापासून 2004 पर्यंत टेक्सास ए अँड एमची दोन आणि ओक्लाहोमाचं एक विजेतेपद सोडलं, तर चषक कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोनाबाहेर गेलाच नाही. 2005 ला मिशिगन जिंकलं, तोवर मिसिसिपी नदीच्या पूर्वेचा एकही संघ जिंकला नव्हता. नंतर अलाबामा, फ्लोरिडा, मग ओक्लाहोमाने 2021 ते 2024 सलग चार. चषक सरकला, पण पोरी बराच काळ पश्चिमेकडूनच जात राहिल्या. टेनेसीची मोनिका अ‍ॅबट कॅलिफोर्नियातल्या सलिनासची. ओक्लाहोमाची लॉरेन चेंबरलेन आणि टियारे जेनिंग्ज दोघी दक्षिण कॅलिफोर्नियाच्या, आणि 122 होमरनवाली (होमरन म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका) जोसलिन अ‍ॅलो हवाईची.

कारण साधं आहे, ऊन. तिकडे जानेवारीतही पोरी मैदानावर असतात. कॉलेजचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो, तेव्हा आमच्याकडे मैदान बर्फाखाली असतं. उत्तरेकडचे कॉलेजचे संघसुद्धा पहिले काही आठवडे बॅगा घेऊन दक्षिणेत फिरत असतात.

आमच्याकडचा फेब्रुवारी कसा असतो ते ऐक. शाळेच्या बास्केटबॉलच्या लाकडी फरशीवर निळ्या टेपने पट्टी मारलेली, तिथून त्रेचाळीस फुटांवर, म्हणजे सामन्यात पिचर आणि बॅटरमध्ये असतं तेवढ्या अंतरावर, उलटी बादली, आणि बादलीवर आमचे हे. इथे अशा बापांना बकेट डॅडच म्हणतात. जळगावला असताना ह्यांनी कधी चेंडू हातात धरला नव्हता. लेकीचा ड्रॉप बॉल, म्हणजे शेवटी खाली पडणारा चेंडू, फरशीवर आदळून ह्यांच्या नडगीवर बसायचा. रात्री मी हळद-तुरटीचा लेप लावायचे आणि हे म्हणायचे, आज छान पडत होता. बंद हॉलमध्ये चेंडू ग्लोव्हमध्ये बसला की फटाका फुटल्यासारखा आवाज येतो. डिसेंबर ते मार्च, आठवड्यातून तीन संध्याकाळी, चार वर्षं.

पण म्हणून डोळे झाकून अर्व्हाइन घे असं मी म्हणणार नाही. 2025 ची अंतिम लढत टेक्सास आणि टेक्सास टेक यांच्यात झाली. टेक्सासची पिचर टीगन केव्हन, आयोवातल्या वेस्ट डेस मॉइन्सची. समोर नायजारी कॅनडी, कॅन्ससातल्या टोपीकाची, जिला स्टॅनफर्डमधून टेक्सास टेकला आणायला दहा लाख डॉलरच्या वर करार झाला होता. दोघीही थंडीतल्या. ओक्लाहोमाला दोन विजेतेपदं मिळवून परत आपल्या राज्याच्या संघात गेलेली जॉर्डी बाल नेब्रास्कातल्या पॅपिलियनची. माझं निरीक्षण असं की पिचर हॉलमध्ये घडू शकते. त्रेचाळीस फूट, एक बादली आणि एक सोशिक बाप एवढं पुरतं. इनफिल्डरला, म्हणजे जवळच्या क्षेत्ररक्षकाला, मातीवरचा उसळता चेंडू लागतो, बॅटरला समोरून पिचरने टाकलेला खरा चेंडू लागतो, त्यांचे हाल होतात. तुझी लेक पिचर आहे, हे बरं. (इथे बॅटला स्लगर म्हणू नकोस हं, स्लगर म्हणजे जोरात मारणारा खेळाडू. बॅटच म्हणायचं.)

शिवाय कोच शाळेच्या सामन्यांना फारसे येतच नाहीत. ते येतात क्लबच्या, म्हणजे ट्रॅव्हल बॉलच्या स्पर्धांना. उन्हाळ्यात कोलोरॅडोत, कॅलिफोर्नियात हंटिंग्टन बीचला, एका ठिकाणी शेकडो संघ असतात. अर्व्हाइनकर तिथे गाडीने अर्ध्या तासात पोचतो, आम्ही विमानाची तिकिटं, हॉटेल, भाड्याची गाडी. मात्र अर्व्हाइनला तुझ्या लेकीसारख्या पिचर प्रत्येक बागेत चार असतील आणि ती बाकावर बसेल, हेही धर. शाळेचा हंगामही राज्यागणिक वेगळा. कॅलिफोर्नियात आणि आमच्याकडे वसंतात, जॉर्जियात पानगळीत, आयोवात तर भर उन्हाळ्यात. मला विचारशील तर फ्रिस्को. ऊन आहे, दर्जा आहे, घरभाडं अर्व्हाइनएवढं नाही.

आता जे तू विचारलं नाहीस ते.

आम्ही 2015 च्या जूनमध्ये आलो. लेक जळगावला नववी पास झाली होती. इथल्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी वयाकडे आणि इंग्रजीकडे बघून तिला पुन्हा नववीत बसवलं. म्हणाल्या, तिच्या भल्याचंच आहे. मी मान डोलावली, नवीन देश, नवीन बाई, आपण कशाला वाद घाला. एनसीएएचं घड्याळ मात्र नववीत पहिल्यांदा पाऊल टाकल्यापासून चालू होतं, आणि डिव्हिजन वनसाठीचे, म्हणजे कॉलेजांच्या सर्वात वरच्या गटासाठीचे, सोळा मुख्य विषय तिथपासून चार वर्षांत संपवायचे असतात. आमचं घड्याळ जळगावात सुरू होऊन बसलं होतं. हे मला कळलं ती अकरावीत असताना, जेव्हा एनसीएएने जळगावच्या नववीची गुणपत्रिका मागितली, मराठी मूळ प्रत आणि प्रमाणित भाषांतर. ती आम्ही निघताना रद्दीत दिली होती. माझ्या भावाने शाळेत सहा खेपा घातल्या. पहिल्यांदा क्लार्क रजेवर, मग रजिस्टर सापडेना, मग सापडलं तर शिक्का पुसट म्हणून इकडून परत. त्या शिक्क्यावर मी रडले आहे, अक्षरशः.

त्यात आणखी एक. त्या काळी आठवी-नववीच्या मुलींना कोच तोंडी शब्द देऊन मोकळे व्हायचे. आमची चौदा वर्षांची पोर आली तेव्हा तिच्या वयाच्या कितीतरी मुलींच्या जागा ठरून गेल्या होत्या. 2018 च्या एप्रिलमध्ये नियम आला, अकरावीच्या 1 सप्टेंबरपर्यंत कोचने मुलीशी बोलायचं नाही. तिची अकरावी तेव्हा संपत आली होती. तुझ्या लेकीला तो नियम कामी येईल. मला आनंदच आहे, म्हणजे बहुतेक.

ती शेवटी डिव्हिजन थ्रीला खेळली, इथूनच दोन तासांवर. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, गरजेप्रमाणे मदत देतात, आणि एच-फोरवरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या, मुलांना सरकारी मदत मिळत नाही. तिसऱ्या वर्षाला ती एकवीसची झाली, एच-फोर संपला, तिला वेगळा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागला. ग्रीन कार्डच्या रांगेत आम्ही दोघं अजून उभे आहोत, ती त्या रांगेतून गळली. कंपनीशी बोलताना नवऱ्याला हे आधी विचारायला सांग, शहर नंतर.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. गोठवलेल्या पोळ्या मिळतात, गणपतीला दोनशे माणसं जमतात, पुढे चला.

दोष ओहायोला द्यायला मला आवडतं. बर्फ, बादली, बाई, शिक्का. गेल्या दिवाळीत मी पुन्हा तेच सुरू केलं, आपण टेक्सासला गेलो असतो तर. लेक भांडी पुसत होती. म्हणाली, आई, माझा राइज बॉल कधी उठलाच नाही गं, तो टेक्सासमध्येही उठला नसता. आणि मला ते हॉलमधले दिवस आवडायचे, बाबा दुसरं कधी बोलायचेच नाहीत. मी गॅसवर दूध तापत ठेवलं होतं, ते उतू गेलं.

जळगावला तिला दहावीत क्रीडा गुण मिळाले असते, राज्यस्तरीयला पदक मिळालं असतं तर पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी राखीव पाच टक्क्यांतून अर्ज भरता आला असता. हे मी अजून मनात मोजते. तिने कधी मोजलं नाही.

तुम्ही निघेपर्यंत ती नववीत गेली असेल, तर वर्ष संपलं की गुणपत्रिकेच्या चार प्रती घे, मुख्याध्यापकांच्या सहीच्या. शिक्का तुझ्यासमोर मारून घे, नवी शाई लावून. त्यातली अक्षरं वाचता आली पाहिजेत.