मारहाण करणाऱ्या नवऱ्याला किमान शिक्षा किती?

प्रश्न : वकीलताई, दाजी माझ्या बहिणीला आठ वर्षं मारतोय. ४९८-अ लावलं तर निदान किती वर्षं आत जाईल? (एक भाऊ, सातारा)

दादा, निदान असा आकडाच त्या कलमात नाही. ४९८-अ हे जुन्या भारतीय दंड संहितेतलं, नवरा किंवा सासरच्यांनी केलेल्या छळाचं कलम; १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलंय. त्यात जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि दंड आहे, कमीत कमी काही नाही. गुन्हा शाबीत होऊनही थोडक्यात सुटका होऊ शकते.

म्हणून फिर्याद एवढ्या एका कलमावर सोडू नका. कोयत्याने हाड मोडलं, तापल्या तव्याने चेहरा कायमचा विद्रूप केला, तर कलम ११८(२) लागतं आणि तिथे किमान एक वर्ष आहे. ॲसिडने इजा केली तर कलम १२४, किमान दहा वर्षं. पण हे दवाखान्याच्या कागदावर ठरतं. ‘जिन्यावरून पडले’ असं सासूच्या देखत सांगितलं की तेच केसपेपरवर उतरतं आणि पुढे आरोपीचा वकील तोच कागद न्यायाधीशांपुढे ठेवतो. बहिणीला सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांना कोणी, कशाने मारलं ते सांगायला लावा.

प्रश्न : लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत माझी मुलगी जळून गेली. गाडीसाठी पैसे मागत होते. त्यांना शिक्षा होईल ना? (एक आई, बीड)

माई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हुंडाबळीच्या कलमाला, म्हणजे कलम ८० ला, किमान शिक्षा आहे: सात वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. ती असायलाच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लग्नापासून सात वर्षांच्या आत अनैसर्गिक मृत्यू आणि मृत्यूच्या थोडं आधी हुंड्यासाठी छळ, एवढं दाखवलं की मृत्यूला आरोपीच कारणीभूत आहे असं कोर्ट गृहीत धरतं, आणि तसं नाही हे त्याला दाखवावं लागतं. हे खटले बहुतेक वेळा ‘थोडं आधी’ या शब्दांवर अडतात. शेवटच्या महिन्यांत तिने केलेले फोन, मावशीला पाठवलेले व्हॉट्सॲप संदेश, तुम्ही पैसे दिल्याची पासबुकातली नोंद, सगळं जपून ठेवा. तिचा मोबाइल कोणालाही देऊ नका, पोलिसांना दिला तर पंचनाम्यात नोंद घ्यायला लावा.

हुंडा घेण्याला १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याखाली किमान पाच वर्षं आहेत, मात्र निकालपत्रात कारणं लिहून न्यायाधीश ती कमी करू शकतात.

प्रश्न : मग घरातल्या प्रत्येक मारहाणीलाच किमान तीन वर्षं का ठेवत नाहीत? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

वकिली सुरू केली तेव्हा मीही हेच म्हणायचे. आज म्हणत नाही. गेल्या पावसाळ्यात एक बाई आली. ओठ फुटलेला, मांडीवर दोन वर्षांचं पोर. मी फिर्याद लिहायला घेतली तर तिने माझा हातच धरला. “ताई, तो आत गेला तर नोकरी जाईल, पोरांची फी कोण भरणार? मला फक्त रात्री आतून कडी लावून झोपता यावं.”

तीन वर्षं ठरलेलीच असती, तर ही बाई पायरीही चढली नसती. जी चढते तिच्यावर माहेर-सासर दोन्हीकडून दबाव येतो, आणि साक्षीच्या दिवशी ती ‘मला आठवत नाही’ म्हणते. पुरावा थोडा जरी ढिला असला, तरी न्यायाधीश मोठी शिक्षा द्यायला कचरतात आणि आरोपी सरळ निर्दोष सुटतो.

त्या बाईसाठी आम्ही २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज केला. त्यात संरक्षण आदेश (म्हणजे मारहाण, त्रास थांबवायचा कोर्टाचा हुकूम), राहतं घर, पोटगी, मुलांचा ताबा, सगळं एका अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात महिनोन्‌महिने तारखा पडतात, आणि माझा राग तिथे आहे. संरक्षण अधिकारी नेमा, तारखा पाळा, हे मागायला रस्त्यावर उतरा. मी तुमच्याबरोबर येईन.

प्रश्न : संरक्षण आदेश मिळालाय, तरी तो दारू पिऊन दारात येतो. (गृहिणी, नाशिक)

आदेश मोडणं हा स्वतंत्र गुन्हा आहे: एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तो दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन हक्काने मिळत नाही) आहे, आणि तुमच्या एकटीच्या साक्षीवरही शाबीत होऊ शकतो. आदेशाची प्रत तुम्हाला आणि पोलीस ठाण्याला फुकट मिळायला हवी. ती ट्रंकेत ठेवू नका. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि ११२ ला फोन लावला की आधी आदेशाचा क्रमांक आणि तारीख सांगा.