गोळ्यांच्या पुंगळ्यांचं कडं

प्रश्न: ताई, भाऊ कंबोडियाहून पितळी कडं घेऊन आला, म्हणे बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्यांपासून केलंय. आठ दिवसांत मनगट हिरवं पडलं, अन् सासूबाई म्हणायल्यात असलं रक्ताचं घरात नको. काय करू? – एक वाचक, परभणी

उत्तर: अगं घाबरू नको, पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबं अन् ३० टक्के जस्त असतं, घाम लागला की तांबं हिरवं सोडतंच. देवाची भांडी घासतो तसं चिंचेनं घास, कोरडं कर, आतून बिनरंगाचं नेलपॉलिश लाव. खाज सुटली तर मात्र काढूनच ठेव.

सासूबाईंना कंबोडियाच्या शेजारच्या लाओस देशातल्या नापिया गावाचं सांग. १९६४ ते १९७३ मध्ये अमेरिकेनं त्या देशावर २० लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, अन् ह्या गावातले लोक तेच अ‍ॅल्युमिनियमचं भंगार भट्टीत वितळवून लाकूड-राखेच्या साच्यात ओतायलेत, आधी नुसते चमचे करायचे, आता बांगड्या पण. रक्ताचं म्हणशील तर खोटं नाही, न फुटलेले बॉम्ब अजून शेतात निघतात अन् भंगार वेचताना माणसं गेलीत. म्हणून पुढच्या वेळी भावाला म्हणावं, धातू तपासून निर्धोक केलेला आहे का ते दुकानात विचारूनच घे.