पहिल्यांदा लिहिलं ते काय लिहिलं?

प्रश्न: ताई नमस्कार, मुलगी सहावीत आहे, इतिहासात मेसोपोटेमिया आलं तेव्हा तिने विचारलं की जगात सगळ्यात पहिल्यांदा ज्याने लिहिलं त्याने काय लिहिलं? मी म्हटलं, देवाची प्रार्थना असणार. पण नंतर मलाच शंका यायला लागली. आणि शहरं आधी आली की लिहिणं?
– एक आई, सातारा

उत्तर: मुलीला आधी शाबासकी द्या, फार मुळातलं विचारलंय तिने. आत्तापर्यंत सापडलेल्या सगळ्यात जुन्या लिखाणातलं बरंचसं उरुक शहरातलं आहे, आजच्या दक्षिण इराकमधलं वारका, काळ साधारण इ.स.पू. ३३०० च्या आसपासचा. मातीच्या सुमारे पाच हजार पाट्या आणि तुकडे मिळालेत आणि त्यातल्या दहापैकी आठांपेक्षा जास्त पाट्यांवर नुसता हिशोब आहे. जव किती आले, मेंढ्या किती, बिअरसाठी धान्य किती काढलं, शिधा किती वाटला. उरलेल्या पाट्यांवर शब्दांच्या याद्या आहेत, भांडी, प्राणी, हुद्दे वगैरे, लिहायला शिकणाऱ्यांनी गिरवायला. प्रार्थना नाही, गोष्ट नाही, साधं पत्रसुद्धा नाही.

आणि हो, शहर आधी. शहर झालं म्हणूनच लिहावं लागलं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचं बलुतं आठवा ना, सुताराला किती, कुंभाराला किती हे घरोघरी कुणी वहीत लिहून ठेवत नव्हतं, खळ्यावर सगळे एकमेकांना ओळखायचे आणि कुणी हात आखडला तर गाव बोलायचं. पण उरुक तेव्हा अडीचशे हेक्टरच्या आसपास पसरलेलं, वस्ती हजारोंची, मंदिराच्या कोठीत धान्य आणून टाकणारा एक, मोजून घेणारा दुसरा, शिधा घेऊन जाणारा तिसराच, मग तिथे तोंडी व्यवहार किती दिवस चालणार?

तिथल्या खोदकामात एक वाडगा सापडतो, ढिगाने सापडतो, जाडजूड, ओबडधोबड, काठ तिरका कापलेला, चाकावर न घडवता साच्यात माती थापून केलेला. काही जण म्हणतात हा पाव भाजायचा साचा होता, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते शिधा मोजून द्यायचं माप. आता पाटी बघा, तिच्यावर ‘खाणं’ किंवा ‘शिधा’ यासाठी जे चिन्ह आहे त्यात माणसाचं डोकं आहे आणि तोंडापाशी अगदी तसाच वाडगा! मला तर हे चिन्ह बघितलं की कोठीच्या दारात लागलेली रांगच दिसते.

आता हे एका रात्रीत सुचलेलं नाही. त्याच्या कितीतरी हजार वर्षं आधीपासून त्या भागात मातीचे छोटे सोंगटीसारखे तुकडे मोजायला वापरत होते, शंकू, गोळे, चकत्या. पुढे ते तुकडे मातीच्या पोकळ गोळ्यात बंद करून वरून शिक्का मारायला लागले, म्हणजे मध्ये कुणी हात मारू नये. पण आत किती आहेत हे बघायला गोळा फोडावा लागायचा, म्हणून काही जणांनी बाहेरच्या ओल्या मातीवर तेवढे ठसे उठवून ठेवले. डेनिस श्मान्ट-बेसेरा या अभ्यासक बाईंचं म्हणणं असं की बाहेर ठसे दिसतायत म्हटल्यावर आतल्या तुकड्यांची गरजच संपली, गोळ्याची सपाट पाटी झाली आणि तिथून लिपीची वाट सुरू झाली. सगळ्यांना हे जसंच्या तसं पटत नाही, मला मात्र यातला आकड्यांचा भाग पटतो. आकड्यांची अजून एक गंमत, तोच गोल ठसा मेंढ्या मोजताना दहा आणि जव मोजताना सहा! आपल्याकडे नाही का, धान्याला चार शेरांची पायली आणि केळ्यांना डझन.

एका पाटीवर २९,०८६ मापं जव, ३७ महिने, आणि खाली ‘कुशिम’ अशी सही असावी तशी चिन्हं आहेत. ते माणसाचं नाव की हुद्द्याचं यावर वाद आहे. नाव असेल तर लिहून राहिलेलं जगातलं हे सगळ्यात जुन्या नावांपैकी एक, आणि ते कुठल्या राजाचं नाही, कोठावळ्याचं आहे.

तुमची प्रार्थना पण आली बरं का, पण खूप नंतर. देवळांची स्तोत्रं मिळतात ती इ.स.पू. २६०० च्या आसपासची, आणि इ.स.पू. २३०० च्या सुमाराला उर शहरात एनहेदुआन्ना होती, सार्गोन राजाची मुलगी, चंद्रदेवाच्या मंदिराची मुख्य पुजारीण, तिच्या नावावर स्तोत्रं आहेत. नावानिशी माहीत असलेली जगातली पहिली लेखक बाई आहे, हे मुलीला नक्की सांगा.

प्रश्न: या मेसोपोटेमियातल्या लोकांचा आपल्या सिंधू संस्कृतीशी संबंध होता का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर: होता, चांगला होता. उरच्या थडग्यांमध्ये आपल्याकडचे कार्नेलियनचे लाल मणी मिळालेत, आणि सार्गोनने लिहून ठेवलंय की मेलुहाची जहाजं माझ्या अक्कड या राजधानीच्या धक्क्याला लागतात, मेलुहा म्हणजे बहुतेकांच्या मते सिंधूचा प्रदेश. पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये त्याच सुमाराचा एक दंडगोल शिक्का आहे, शू-इलिशू नावाच्या माणसाचा, आणि त्यावर त्याचा धंदा कोरलाय, मेलुहाच्या भाषेचा दुभाषी. म्हणजे दोन्ही भाषा बोलणारा एक माणूस तरी खरोखर होता, पण दोन्हीकडच्या लिपीत एकच मजकूर असलेली एकही वस्तू अजून मिळालेली नाही आणि सिंधू लिपी त्यामुळेच अडून बसलीय. मिळाली तर ती इराकच्या मातीत मिळेल असं मला वाटतं, शू-इलिशूसारखी माणसं तिथेच कामाला होती.