कमानीचा धक्का जातो कुठे?

प्रश्न : मी डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला येते. मुलीच्या प्रोजेक्टमध्ये ‘ही इमारत गॉथिक शैलीची आहे’ असं वाक्य आहे. तिने विचारलं, गॉथिक म्हणजे काय? मी म्हटलं, टोकदार कमानी. ती म्हणाली, एवढंच? बाई, खरंच एवढंच का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, लेकीला माझ्याकडून एक शाबासकी द्या. एवढंच नाही. टोकदार कमान गॉथिकच्या कितीतरी आधीची. कैरोच्या इब्न तुलून मशिदीत ती 879 साली आहे. फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचं मोठं चर्च 1088 मध्ये बांधायला घेतलं, त्यातही आहे. पण त्यांना कुणी गॉथिक म्हणत नाही.

मी गिरगावातल्या चाळीत वाढले. एका पावसाळ्यानंतर आमच्या चाळीच्या गल्लीकडच्या भिंतीला पोट सुटलं. दुरुस्तीवाल्याने बाहेरून तिरके लाकडी टेकू लावले आणि ‘दोन महिन्यांत काढतो’ म्हणून गेला. ते टेकू सात वर्षं राहिले. आम्ही त्यांच्यावर टॉवेल वाळत घातले, गल्लीतल्या क्रिकेटमध्ये त्यातल्या एकाला स्टंप केलं. पुढे कॉलेजात वास्तुकलेचा इतिहास शिकवताना युरोपातल्या कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मोठ्या चर्चचा, फोटो पडद्यावर आला, की मला पहिल्यांदा आमची चाळच आठवायची. भिंतीपासून लांब उभे राहून वरून तिरका हात देणारे ते दगडी टेकू!

हे टेकू का लागतात, ते घरी करून बघा. गळ्यातली साधी साखळी काढा आणि दोन टोकं दोन हातांत धरा. मधे जो झोल पडतो, तो मनातल्या मनात उलटा करा. ती झाली कमान. (ही युक्ती सतराव्या शतकातला इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याची. मध्ययुगातल्या पाथरवटांना ती ठाऊक नव्हती, ते बांधून आणि पाडून शिकले.) आता साखळीऐवजी मंगळसूत्र घ्या. मधल्या वाट्यांच्या वजनाने झोल खाली टोकदार होतो. उलटा केलात, तर टोकदार कमान. आणि दोन्ही हातांकडे लक्ष द्या. साखळी हातांना आत ओढते. उलट्या कमानीत तेच बाहेर ढकलणं होतं. तो कमानीचा धक्का. कमान जितकी उभट, तितका धक्का कमी. पण संपत कधीच नाही.

हा धक्का नसला तर काय होतं ते बघायचं असेल, तर एखाद्या रविवारी उलट्या दिशेची गाडी पकडून अंबरनाथला जा. तिथलं शिवमंदिर 1060 सालचं. त्यात दगडावर दगड आडवे रचत, थोडे थोडे पुढे काढत वर नेले आहेत. सगळा भार सरळ खाली. बाजूला ढकलणारं कुणी नाही, म्हणून टेकूही नाही. पण त्याची किंमत म्हणजे जाड भिंती, जवळजवळ खांब आणि आत अंधार. गाभाऱ्याला तो अंधार हवाच असतो, ही गोष्ट वेगळी.

त्याच सुमाराला उत्तर युरोपातल्या पाद्र्यांना मात्र उजेड हवा होता. इंग्लंडमध्ये डरहॅमचं कॅथीड्रल 1093 मध्ये सुरू झालं. तिथे छताला दगडी फासळ्या दिल्या. आधी फासळ्यांचा सांगाडा उभा करायचा, मग मधली पोकळी हलक्या दगडांनी भरायची. फासळ्या असल्या, की छताचं वजन चार कोपऱ्यांतल्या खांबांकडे वळवता येतं. टोकदार कमान इथे कामाला येते, कारण अर्धगोल कमानीची उंची तिच्या रुंदीला बांधलेली असते. दहा फूट रुंद, तर पाच फूट उंच, त्यात सूट नाही. टोकदार कमान मात्र रुंद असो की अरुंद, हवी तेवढी उंच करता येते. म्हणून लांबी-रुंदी वेगळी असलेल्या चौकटीवरही सगळ्या कमानींचे माथे एका पातळीत आणता येतात.

हे सगळे तुकडे एकत्र आले पॅरिसजवळच्या सेंट-डेनीसच्या मठात. मठाधिपती सुजेर याला भिंतींऐवजी रंगीत प्रकाश हवा होता, आणि त्याने बांधलेला वेदीमागचा भाग 1144 च्या जूनमध्ये अर्पण झाला. गॉथिकचा जन्म बहुतेक तिथेच मानतात. भार खांबांवर गेला, भिंत मोकळी झाली, तिथे काच आली. उरला धक्का. तो बाहेर भिंतीपासून लांब उभ्या, वरून हात देणाऱ्या ‘उडत्या’ टेकूंनी पेलला. त्या टेकूंच्या डोक्यावरचे निमुळते दगडी सुळकेही नुसती नक्षी नाहीत, त्यांच्या वजनाने तिरका धक्का खाली वळतो.

मग सुरू झाली चढाओढ. पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलचं (1163 मध्ये सुरू) छत सुमारे 33 मीटर उंच. फ्रान्समधल्याच बोवे गावच्या लोकांनी त्यांच्या कॅथीड्रलमध्ये 48 मीटर गाठलं, म्हणजे आपल्या सोळा मजली टॉवरएवढं, तेही दगड आणि चुन्यात. 1272 मध्ये वेदीकडचा भाग पुरा झाला आणि 1284 मध्ये त्याच्या छताचा बराचसा भाग कोसळला. त्यांनी मधे जास्तीचे खांब घातले. सोळाव्या शतकात पुन्हा मोह झाला, दीडशे मीटरहून उंच मनोरा चढवला, तो 1573 मध्ये पडला. त्या चर्चचा मुख्य लांब दालनाचा भाग कधी बांधलाच गेला नाही. आजही आत आधाराला टेकू लावलेले आहेत. आमच्या दुरुस्तीवाल्याला मी उगाच नावं ठेवली.

‘गॉथिक’ ही तर शिवीच. त्या काळात या कामाला ‘फ्रेंच काम’ म्हणत. पुढे सोळाव्या शतकात वासारीसारख्या इटालियन लेखकांनी नाक मुरडून ते गॉथांच्या माथी मारलं. 410 मध्ये रोम लुटणाऱ्या त्या टोळ्यांचा या कमानींशी काडीचाही संबंध नाही.

आता तुमचं स्टेशन. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची ही इमारत 1878 ते 1888 मध्ये उभी राहिली, सेंट-डेनीसनंतर सातशे वर्षांहून अधिक काळाने. लोखंड हाताशी होतं, फलाटांवरचं छत त्याचंच. म्हणजे गॉथिकची वेशभूषा आहे, गरज नाही. वहीत ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ लिहायला सांगा, बाईंकडून एखादा गुण जास्त मिळेल.

प्रश्न : जुन्या चर्चच्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात, कारण काच शतकानुशतकं हळूहळू ओघळते, असं व्हॉट्सॲपवर वाचलं. खरं आहे का?
— एक वाचक, माहीम

उत्तर : नाही. काच ओघळत नाही. तेव्हा काच फुंकून, फिरवून सपाट करत, म्हणून तुकडा मुळातच कमी-जास्त जाडीचा व्हायचा. कारागीर बरेचदा जड कड खाली बसवायचा, आणि कधी वरही.

रंग काचेच्या अंगातच असे. निळ्यासाठी कोबाल्ट. लाल मात्र इतका गडद यायचा, की जाड काच काळी दिसे, म्हणून पांढऱ्या काचेवर लालचा पातळ थर चढवत. तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडायचे. फ्रान्समधलं शार्त्रचं कॅथीड्रल 1194 च्या आगीनंतर नव्याने उभं राहिलं. त्याच्या खिडक्यांत संतांच्या खालच्या बाजूला पाव भाजणारे, चांभार, पाथरवट आपापल्या कामात गुंतलेले दिसतात. मला ते संतांपेक्षा आवडतात. 1939 मध्ये युद्ध येताना या काचा उतरवून सुरक्षित ठिकाणी नेल्या होत्या.

मुंबईत असं काही बघायचं, तर कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये सकाळी जा. भर दुपारी नको, उजेड अंगावर येतो.

प्रश्न : गॉथिक इमारतींवरची ती अक्राळविक्राळ जनावरं भुतं पळवायला असतात का?
— एक वाचक, परळ

उत्तर : पाणी पळवायला. खरा गार्गॉइल म्हणजे पन्हाळीचं तोंड, छतावरचं पाणी भिंतीपासून लांब फेकणारं. पाणी भिंतीवरून ओघळलं, की सांध्यांतला चुना जातो, हे मुंबईकराला सांगायला नको. तोंडात भोक नसेल, तर ती नुसती मूर्ती. नोत्र दामच्या वरच्या सज्जातले हनुवटीला हात लावून बसलेले प्रसिद्ध राक्षस तसेच, आणि मध्ययुगीनही नाहीत. एकोणिसाव्या शतकात दुरुस्ती करताना फ्रेंच वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूकने ते बसवले.

जुलैत सीएसएमटीसमोर छत्री घेऊन उभे राहा आणि वर बघा. कोणत्या जनावराच्या तोंडातून पाणी येतं ते मोजा आणि मला कळवा. मी तिथे उभी राहते तेव्हा गर्दी ढकलत पुढे नेते, मोजणी कधी पुरी होत नाही.