पळून गेलेला मुलगा परत आलाय आणि आता रात्रभर तसल्याच सिरीज बघतो

पत्र: मावशी, आमचा थोरला १६ वर्षांचा. तीन महिन्यांपूर्वी काही न सांगता घरातून निघून गेला आणि आठवड्याभराने स्वतःच परत आला. कुठे होतास विचारलं की ‘मित्राकडे’ एवढंच म्हणतो. आता रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर घर सोडून गेलेल्या मुलांच्या सिरीज बघत बसतो. परवा तो झोपल्यावर मी हिस्टरी बघितली, तर मुलगा घरी परत येतो तोच एपिसोड त्याने परत परत बघितलाय. पुन्हा जायचा प्लॅन तर नसेल ना? मिस्टर म्हणतात नेटच बंद करून टाक. अजून एक खुपतं, सिरीजमध्ये मुलगा दारात येतो, आईच्या गळ्यात पडून रडतो, सगळं बोलून मोकळा होतो. आमचा आला, बूट काढले आणि सरळ बाथरूममध्ये गेला. मी टॉवेल घेऊन बाहेर उभी. धाकटी १२ची आहे, ती शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही. मी काय करू? – एक आई

उत्तर: अगं, आधी नेटचं सांगते कारण ते घाईत होऊन बसेल. बंद करू नकोस. तो गेला तेव्हा या सिरीज बघत होता असं तू कुठे लिहिलेलं नाहीस, बघायला लागला तो परत आल्यावर, म्हणजे या सिरीजने त्याला घराबाहेर काढलं हा हिशोबच जुळत नाही. आणि तो बघतोय काय, तर घर सोडायचा एपिसोड नाही, परत यायचा. माझा अंदाज असा की तो त्यातल्या आईबापांकडे बघत असणार, ते काय म्हणतात, किती चिडतात, दुसऱ्या दिवशी कसे वागतात. किंवा मग तो मुलगा तोंड कसं उघडतो ते बघत असेल. अंदाजच आहे हा, तुझ्या मुलाच्या डोक्यात मी शिरलेली नाही, पण परत जायची तयारी करणारं पोरगं परत यायचा सीन रिवाइंड करत बसेल असं मला तरी वाटत नाही.

हिस्टरी चोरून बघितलीस ते एकदा झालं, आता पुरे. पळून गेलेलं मूल परत आलं की सगळ्या घराची पोलीस चौकी होते, बॅग तपास, मोबाईल तपास, मित्रांना फोन, आणि ते त्याला कळत नाही असं समजू नकोस, कळतं. एकच अपवाद. कोणी मोठा माणूस त्याच्याशी गुपचूप संपर्कात आहे, कोणीतरी पैसे किंवा महागड्या वस्तू देतंय, धमक्या येतायत असं काही दिसलं तर मोबाईल बघायचा, पण त्याला सांगून. ‘मला भीती वाटतेय म्हणून मी बघणार आहे’ असं तोंडावर बोलायचं. तो चिडेल, चिडू दे.

आता त्या दारातल्या सीनबद्दल, कारण पत्रात तुझं सगळ्यात जास्त दुखलेलं तिथेच दिसतंय. सिरीजवाल्यांना एपिसोड संपवायचा असतो गं. दार उघडतं, कॅमेरा आईच्या चेहऱ्यावर, म्युझिक सुरू, पोरगं कोसळतं. ते पटतं कारण मधल्या काळात त्याच्यावर काय काय गुजरलं ते आपण आधीच पाहिलेलं असतं, स्टेशनवरची रात्र, फसवणारा माणूस, सगळं. त्यामुळे तो दोन वाक्यं बोलला तरी आपल्याला पुरतं, बाकीचं आपण मनात भरतो. तुझ्याकडे तो मधला एपिसोडच नाहीये. आणि त्याच्याकडे तरी तो नीट क्रमाने लावलेला असेल का? लाज, भीती, थकवा, थोडी मजाही आली असेल कदाचित, ते सगळं एकात एक अडकलेलं, ते दारात उभं राहून कोण सांगणार. तो बाथरूममध्ये गेला म्हणजे आठवडाभराने त्याला दाराला आतून कडी लावता आली. मला तर ते घरी आल्यासारखंच वाटतं.

या बाबतीत मला जुन्या टीव्ही फिल्म्स जास्त प्रामाणिक वाटतात, हे माझं वैयक्तिक मत. अमेरिकेत १९७१ मध्ये टीव्हीसाठी एक फिल्म बनली होती, ‘मेबी आय विल कम होम इन द स्प्रिंग’, अभिनेत्री सॅली फील्डची. त्यात मुलगी परत येते ती सुरुवातीलाच, आणि मग कळतं की घर होतं तसंच आहे, आईबाप होते तसेच आहेत, त्यांना फक्त ती परत आली याचं हायसं वाटतंय. १९८० मध्ये ‘ऑफ द मिनेसोटा स्ट्रिप’ आली, त्यातली मुलगी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर देहविक्रीत अडकून घरी परतलेली, मेअर विनिंगहॅमने केलीय ती भूमिका. ती फिल्म लिहिली डेव्हिड चेसने, ज्याने पुढे ‘द सोप्रानोज’ ही गाजलेली माफिया सिरीज केली, आणि फिल्मच्या लेखनाला एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळाला होता. तिथेही परत येणं हा शेवट नाही, तिथून गोष्ट सुरू होते. हे सगळं सांगतेय ते सिनेमाच्या गप्पा म्हणून नाही, तुझ्या घरात आत्ता जे चाललंय ते यात आहे म्हणून.

आणि त्या पहिल्या फिल्ममध्ये अजून एक गोष्ट आहे. धाकटी बहीण. थोरली परत येते तोवर ती तिच्याच वाटेला लागलेली असते.

तू धाकटीला एका ओळीत संपवलंस. ‘ती शहाणी आहे, तिचा काही त्रास नाही.’ १२ वर्षांची मुलगी, भाऊ एक दिवस गायब, घरात रडारड, आईबाबा फोनवर, कोणी तिला काही सांगितलं की नाही माहीत नाही, मग भाऊ परत, आणि आता सगळे त्याच्याभोवती दबक्या पावलाने फिरतायत. अशा घरात धाकटं मूल शहाणंच होतं, कारण तिथे दुसरं काही व्हायला जागाच शिल्लक नसते. त्रास नाही म्हणजे तिला काही झालेलं नाही असं नाही. तिला एकटीला घेऊन बस, भावाचा विषय काढ आणि तुला राग आला होता का असं विचार. घाबरली होतीस का असं नको विचारूस, त्याला मुलं पटकन ‘नाही’ म्हणतात. राग आला होता का. आणि एक, तिला थोरल्याची गुप्तहेर करू नकोस. ‘दादा काय करतोय बघून ये गं’ असलं अजिबात नाही, ती दोघांच्या मध्ये चिरडते.

बरं, आता मुख्य. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तो कधी परत आला, कसा आला, काय बोलला नाही, काय बघतो, सगळं आहे त्यात. तो गेला का, याची एक ओळही नाही. कदाचित तुला माहीत असेल आणि लिहवलं नसेल, कदाचित खरंच माहीत नसेल, मी आरोप करत नाहीये. पण बघ, सिरीजवाल्यांना आणि आपल्याला सगळ्यांनाच परत येण्याचं इतकं कौतुक असतं की जाण्याचं कारण तसंच घरात पडून राहतं. मुलं सहसा मजा म्हणून घर सोडत नाहीत. घरातली भांडणं, मारहाण, मार्कांची भीती, शाळेत कोणीतरी रोज छळतंय, प्रेमप्रकरण, आपण नक्की कोण आहोत हे घरी सांगायची भीती, कधी घरातल्याच किंवा ओळखीतल्या माणसाने केलेला गैरप्रकार. यातलं जे असेल ते तो परत आल्याने संपलेलं नाही. त्यामुळे तो पुन्हा जाईल का हा तुझा प्रश्न बरोबर आहे, काही मुलं खरंच पुन्हा जातात, फक्त त्याचं उत्तर मोबाईलच्या हिस्टरीत सापडणार नाही.

तर ‘कुठे होतास’ हा प्रश्न आता बंद कर. त्याने तीन महिने एकच उत्तर दिलंय, चौथ्या महिन्यात वेगळं देणार नाही. त्याऐवजी एकदाच, समोरासमोर न बसता, गाडीत किंवा चालता चालता, साधं विचार: तिकडे तुला कोणी इजा केली का, काही नकोसं करायला लावलं का, डॉक्टरकडे जायला हवंय का, मी बाहेर थांबेन, तू एकटा बोल. उत्तर नाही आलं तरी प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेला असतो. दुसरा प्रश्न दुसऱ्या दिवशी: घरात काय बदललं तर तुला इथे राहणं सोपं होईल? इथे तुझी परीक्षा आहे, कारण तो कदाचित बाबांबद्दल बोलेल, कदाचित तुझ्याबद्दल बोलेल, आणि तेव्हा ‘अरे पण आम्ही तुझ्यासाठी’ हे वाक्य जिभेवर येईल, ते गिळ. त्याचं ऐकून घे, ‘बरं’ म्हण, आणि त्यातली एखादी छोटीशी का होईना गोष्ट आठवड्याच्या आत खरोखर बदल.

तो नीट झोपत नसेल, जेवण तुटलं असेल, मित्र तुटले असतील, मला जगायचंच नाही अशा टाइपचं काही बोलत असेल तर स्वतःला संपवायचे विचार येतात का हेही सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, ही भीती बऱ्याच आयांना असते पण ती खरी नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर, थांबायचं नाही. तसं नसलं तरी काउन्सेलरकडे जाच, पण पहिल्या भेटीला तुम्ही दोघं नवराबायको जा. त्याला आधी नेलंत तर ‘बिघडलेला मीच’ असा त्याचा समज होणार.

अजून एक करता येईल. ती फिल्म आली त्याच १९७१ मध्ये शिकागोत अडचणीतल्या मुलांसाठी एक फोन सर्व्हिस सुरू झाली, पुढे ती पळून गेलेल्या मुलांसाठी देशभर झाली, आजही चालू आहे. तिथे मुलाला आपण कुठे आहोत हे न सांगता घरच्यांसाठी निरोप ठेवता येतो. मला ही कल्पना फार शहाणपणाची वाटते. घरातही करता येते. त्याला सांग की पुन्हा कधी श्वास कोंडल्यासारखं झालं तर असा कोण आहे ज्याच्याकडे तू जाशील किंवा ज्याला फोन करशील, नाव तू ठरव, मामा असो, आत्या असो, सर असोत. फक्त माणूस भरवशाचा आहे ना, एवढं आपण बघायचं. आणि आमच्याकडून कबूल, त्या रात्री आम्हाला फक्त ‘तो सुखरूप आहे’ एवढा निरोप आला की बास, आम्ही तिथे धावत येणार नाही. शेवटचं पाळायला तुझ्या मिस्टरांना जड जाईल असं पत्रावरून वाटतंय. नेट बंद करा म्हणणारा बाप बहुतेक वेळा घाबरलेला बाप असतो, त्याला रागावण्यापेक्षा एखादं काम दे. मुलाबरोबर सायकल दुरुस्त करा म्हणावं, पण करताना लेक्चर नको.

आणि त्या सिरीज? हवं तर बस त्याच्याशेजारी. मुद्दाम चहाबिहा घेऊन, ‘चल आज एकत्र बघू’ असा सोहळा करून नाही, सहज, मोबाईलवर चालूच असेल तेव्हा. त्यातल्या मुलावर एक शब्द बोलायचा नाही, ‘बघ त्याने कशी माफी मागितली’ हे तर स्वप्नातही नाही. बोलायचंच असेल तर आईबापांवर बोल. ‘ही बाई किती प्रश्न विचारतेय रे’ म्हण. तो हसला तर उत्तम, नाही हसला तरी उठून गेला नाही ना, मग ठीक आहे. ‘आमच्या घरी तू आलास तेव्हा मी काय करायला हवं होतं’ हे त्याला कधीतरी विचारता येईल, पण लगेच नाही, दोन-चार एपिसोड जाऊ देत.

सुरुवात मात्र धाकटीपासून कर, याच आठवड्यात. ती काय म्हणाली ते मला कळव.